भाग कोणता? : मालिकांच्या फायलींचे यांत्रिक नामकरण आणि त्यातील चुका

पोथी वाचणाऱ्याला सर्वांत मोठी भीती कशाची वाटते? कसरीची वाटतेच, पण तिच्याहून मोठी भीती पाने विस्कटण्याची. पोथी शिवलेली नसते. सुटी पाने दोन फळ्यांमध्ये ठेवून वर रुमाल बांधलेला असतो. म्हणूनच जुने लेखनिक प्रत्येक पानाच्या समासात ग्रंथाच्या नावाची आद्याक्षरे आणि पानाचा अंक लिहून ठेवीत. ग्रंथ कोणता आणि पान कितवे, या दोन खुणा शाबूत असल्या की विस्कटलेली पोथी पुन्हा लावता येते.

आज दूरचित्रवाणीवरील मालिका आपण संगणकात साठवतो, तेव्हा नेमकी हीच अडचण नव्या वेषात समोर येते. प्रत्येक भागाची एक सुटी फाईल असते आणि तिच्या नावात ‘एस०१ई०३’ अशी खूण असते. ‘एस’ म्हणजे सीझन, म्हणजे आपल्या भाषेत पर्व. ‘ई’ म्हणजे एपिसोड, म्हणजे भाग. अशा शेकडो फायलींना हाताने नावे देणे कंटाळवाणे, म्हणून हे काम संगणकावर सोपवितात. फाइलबॉटसारखे कार्यक्रम त्यासाठीच लिहिलेले आहेत. काम बहुधा बिनबोभाट होते. पण चुकते तेव्हा कोठे चुकले हे चटकन कळत नाही. त्या चुका कशा शोधाव्यात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

माझा हा अभ्यास हौसेचा नाही. तो एका चुकीतून सुरू झाला. ती चूक पुढे ओघाने येईलच.

यंत्र काय करते?

नामकरणाचे काम तीन पायऱ्यांत होते. पहिल्या पायरीवर यंत्र फाईलचे जुने नाव वाचते आणि त्यातून मालिकेचे नाव, पर्व आणि भाग वेगळे काढते. दुसऱ्या पायरीवर ते नाव द टीव्हीडीबी, टीएमडीबी किंवा टीव्हीमेझ यांसारख्या सूचीत शोधते. या सूची म्हणजे मालिकांची ग्रंथालयीन कार्डे असे समजावे. तिसऱ्या पायरीवर सूचीत सापडलेले शीर्षक घेऊन फाईलला नवे नाव देते. चित्र पाहून ‘हा अमुक भाग’ असे ते सहसा ओळखत नाही. ते पाकिटावरचा पत्ता वाचते, आतील पत्र वाचत नाही. दोष शोधताना आधी विचारावे ते एवढेच, की या तीनपैकी कोणत्या पायरीवर घसरण झाली?

वाचनातील दोष

फायलींच्या नावात भागाच्या क्रमांकाखेरीज इतरही आकडे असतात. ‘७२०’ हा आकडा चित्राच्या आडव्या रेषांची संख्या सांगतो, तर ‘२६४’ हा चित्र आटोपशीर साठविण्याच्या पद्धतीचा क्रमांक असतो. नावात ‘एस’ आणि ‘ई’ या खुणा नसल्या की यंत्र तीन अंकी आकड्यात पर्व आणि भाग शोधू लागते. मग ‘७२०’ म्हणजे सातव्या पर्वाचा विसावा भाग आणि ‘२६४’ म्हणजे दुसऱ्या पर्वाचा चौसष्टावा, असा अर्थ लागू शकतो. २००१ साली सुरू झालेल्या एका अमेरिकन मालिकेचे तर नावच ‘२४’ आहे; तेथे शीर्षक कोणते आणि अंक कोणता, याचाच घोळ पडतो.

रोजच्या कार्यक्रमांना पर्व-भागाऐवजी तारीख असते. ‘०३-०४-२०१२’ ही आपल्याकडे तीन एप्रिल, पण अमेरिकेत चार मार्च. म्हणून आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असे लिहावे. ‘भाग ५’ असे देवनागरी अंकात लिहिले, तर केवळ इंग्रजी अंक ओळखणारे साधन तेथे अंकच नाही असे समजते. आणि एकापुढे शून्य लिहिले नाही, तर काही ठिकाणी १ च्या मागून १० येतो आणि २ बिचारा १९ च्याही मागे जाऊन बसतो.

यावर उपाय सोपा आहे. यंत्राला सूचीकडे धाडण्यापूर्वी नावातील अनावश्यक आकडे काढून टाकावेत आणि पर्व-भागाची खूण स्पष्ट करावी.

ओळखीतील दोष

एका गावात एकाच नावाची दोन माणसे असली, तर पोस्टमन वडिलांचे नाव विचारतो. येथे वडिलांच्या नावाचे काम साल करते. ‘डॉक्टर हू’ ही ब्रिटिश मालिका १९६३ ते १९८९ या काळात चालली आणि २००५ साली पुन्हा सुरू झाली. सूचीत या दोन्हींच्या नोंदी स्वतंत्र आहेत. बी. आर. चोप्रा यांचे ‘महाभारत’ १९८८ ते १९९० या काळात दूरदर्शनवर आले. त्याचे भाग ९४. त्याच नावाची दुसरी मालिका २०१३ साली स्टार प्लसवर सुरू झाली. फोल्डरवर नुसते ‘महाभारत’ लिहिले, तर जुन्या मालिकेच्या पहिल्या भागाला नव्या मालिकेचे शीर्षक चिकटणे अगदी शक्य आहे.

म्हणून फोल्डरच्या नावात साल लिहावे. त्याहून पक्के हवे असेल, तर त्या मालिकेचा सूचीतील नोंद क्रमांकच लिहावा. नावे जुळी असतात. नोंद क्रमांक जुळे नसतात.

क्रमातील दोष

हा दोष सर्वांत फसवा. येथे यंत्र बरोबर वाचते, मालिकाही बरोबर ओळखते, आणि तरीही निष्कर्ष चुकतो.

‘फायरफ्लाय’ या अमेरिकन मालिकेचे उदाहरण घेऊ. तिचे एकूण १४ भाग तयार झाले. २००२ साली फॉक्स वाहिनीने त्यांतील ११ दाखविले, तेही निर्मात्यांनी योजलेला क्रम मोडून. कथेचा आरंभ ज्यात आहे तो ‘सेरेनिटी’ हा भाग सर्वांत शेवटी, २० डिसेंबर २००२ रोजी दाखविण्यात आला. आणि ‘द ट्रेन जॉब’ हा दुसरा भाग २० सप्टेंबरला पहिला म्हणून आला. पुढे २००३ साली डीव्हीडी निघाली, तेव्हा सर्व १४ भाग मूळ क्रमाने लावण्यात आले. परिणाम असा, की पहिल्या पर्वाचा तिसरा भाग कोणता, या प्रश्नाला दोन खरी उत्तरे आहेत. प्रक्षेपणाच्या क्रमाने तो ‘अवर मिसेस रेनॉल्ड्स’. डीव्हीडीच्या क्रमाने ‘बुशव्हॅक्ड’. आपल्या फायली डीव्हीडीवरून घेतलेल्या आणि यंत्र सूचीतील प्रक्षेपणाचा क्रम पाहणारे असले, की प्रत्येक भागावर दुसऱ्याच भागाचे नाव पडते. यंत्र मात्र ‘काम पूर्ण झाले’ असे सांगून मोकळे होते.

वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्यातील अध्याय-श्लोकांचे क्रमांक मुंबई किंवा कलकत्ता प्रतीतील क्रमांकांशी सर्वत्र जुळत नाहीत. म्हणून जाणता अभ्यासक नुसता श्लोकांक देत नाही. कोणत्या आवृत्तीतला तेही सांगतो. क्रमांक हा एकटा कधीच पुरेसा नसतो. तो कोणत्या परंपरेतला, हे सोबत सांगितले तरच त्याला अर्थ येतो.

फाइलबॉटमध्ये प्रक्षेपणाचा, डीव्हीडीचा किंवा पर्व न मानता अखंड मोजलेला असे वेगवेगळे क्रम निवडता येतात. तो निवड करू देतो. निवड आपण करायची असते. आणखी एक ध्यानात ठेवावे. सणावाराचे किंवा विशेष भाग ‘पर्व शून्य’मध्ये ठेवण्याची प्रथा आहे. एखादा भाग हरवला असे वाटले, की आधी तेथे पाहावे.

अक्षरातील दोष, आणि माझी चूक

आमच्या मराठीच्या सरांनी काही वर्षे गावोगाव हिंडून लोककलावंतांच्या मुलाखती कॅमेऱ्यावर टिपल्या होत्या. नऊ तबकड्या, नऊ भाग. मालिकेला त्यांनी नाव दिले होते ‘तऱ्हा लोककलेच्या’. त्या संगणकात उतरवून नीट लावण्याचे काम सरांनी विश्वासाने माझ्याकडे दिले. पाच भागांची नावे सरांनी आपल्या संगणकावर लिहिलेली होती. उरलेल्या चारांची मी मोबाईलवर लिहिली. मग नावांनुसार गट करून क्रमांक देण्यास यंत्राला सांगितले.

सकाळी पाहते तो ‘तऱ्हा लोककलेच्या’ या एकाच नावाचे दोन फोल्डर! एकात भाग १ ते ५, दुसऱ्यात भाग १ ते ४. मला वाटले, यंत्राने दुसरी प्रत काढली. उघडून न पाहता मी लहान फोल्डर पुसून टाकला.

ती प्रत नव्हती. दोष ‘ऱ’ या अक्षरात होता. संगणकात हे अक्षर एका स्वतंत्र चिन्हाने लिहिता येते. ‘र’ आणि खाली नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येते. ‘ऱ्ह’ मधला अर्धा र तर ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह असाही लिहितात. डोळ्यांना तिन्ही सारखे दिसतात. यंत्राला ते तीन वेगळे शब्द वाटतात. पहिली दोन रूपे युनिकोडच्या प्रमाणीकरणाने एक करता येतात. तिसरे त्या प्रक्रियेत बदलत नाही. ते आपणच शोधून बदलावे लागते. सरांच्या आणि माझ्या लिखाणात नेमका हाच फरक होता.

तबकड्या सरांकडे होत्या, म्हणून चारांपैकी तीन भाग परत मिळाले. चौथ्या तबकडीवर चरे पडले होते. पहिल्या वेळी ती कशीबशी वाचली गेली होती, दुसऱ्यांदा नाही. त्या भागात बोललेले वृद्ध शाहीर आता हयात नाहीत. सर मला एका शब्दानेही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते.

काय करावे?

त्यानंतर मी स्वतःसाठी काही नियम केले. ते येथे देते, कारण पुढे कोणावर असे काम पडले तर उपयोगी पडावेत.

१. मूळ फायलींची प्रत दुसरीकडे ठेवल्यावाचून एकाही नावाला हात लावू नये.

२. एका वेळी एकच मालिका घ्यावी. आधी साल व नोंद क्रमांक ठरवावा, मग क्रम.

३. प्रत्यक्ष नाव बदलण्यापूर्वी रंगीत तालीम घ्यावी. नाव न बदलता काय बदलेल तेवढे दाखविण्याची सोय फाइलबॉटमध्ये आहे. ती यादी वाचावी; नुसती पाहू नये.

४. सूचीतील भागांची संख्या आणि आपल्या फायलींची संख्या ताडून पाहावी. ९४ च्या जागी ९३ असतील, तर पुढचे सर्व एकाने सरकले असण्याचा संभव आहे.

५. पहिला, मधला आणि शेवटचा भाग उघडून आरंभीची शीर्षके डोळ्यांनी पाहावीत.

६. घरगुती मुद्रणे सूचीशी जुळवूच नयेत. जी नोंद सूचीत नाही, तिच्याऐवजी यंत्र जवळच्या नावाची दुसरीच मालिका पुढे करू शकते.

७. जुने नाव आणि नवे नाव यांची नोंदवही ठेवावी. ती असली म्हणजे मागे फिरता येते.

८. दोन वस्तू सारख्या दिसल्या म्हणून त्या एकच आहेत असे मानून काहीही पुसू नये.

यातील शेवटचा नियम कोणत्याही पुस्तकात न शोधता मला मिळाला. सरांच्या मालिकेचे आता आठ भाग नीट लावलेले आहेत. त्यांना क्रमांक मात्र एक ते नऊ असेच दिले आहेत आणि सातव्याची जागा मोकळी ठेवली आहे. यंत्र तेथे दर वेळी ‘भाग सापडत नाही’ अशी तक्रार करते. ती तक्रार बंद करण्याची सोय आहे, पण मी ती वापरलेली नाही.