मोटारीतला दिवा

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक ड्रायव्हर येतात. त्यांच्या जुन्या मोटारीत एअरबॅगचा दिवा सारखा पेटलेला असे. त्यांनी त्यावर काळी पट्टी चिकटवली. आम्ही म्हटलं, "अहो, दिवा झाकला म्हणून बिघाड जातो का?"

एअरबॅग म्हणजे फुगणारी पिशवी. मोटार जोरात आदळली, की ती पापणी लवण्याआधी फुगते. डोके व छाती वाचवते. चावी फिरवली, की तिचा दिवा थोडा वेळ पेटून विझावा. विझला नाही, तर पिशवीचा भरवसा नाही.

पुष्कळदा सीटखालची तारांची जोडणी सैल झालेली असते. पण लगेच हात घालू नये. आधी मिस्त्रीकडून स्कॅनरवर बिघाड वाचून घ्यावा. मग चावी बंद करून बॅटरीची वजा तार काढावी. तरीही आत थोडी वीज उरते. म्हणून दुरुस्तीच्या पुस्तकात सांगितली तितकी मिनिटे थांबावे. पिशवीच्या तारांना टेस्ट लॅम्प किंवा साधा मीटर लावू नये. तेवढ्या विजेनेही ती तोंडावर फुटेल!

परवा ड्रायव्हरांनी पट्टी काढली. मिस्त्रींच्या पुस्तकातला मिनिटांचा आकडा त्यांनी स्वतः वाचला. तेवढा वेळ दोघे थांबले. जोडणी नीट बसवली, बिघाडाची नोंद पुसली. दिवा विझला.

आपण अक्षरे शिकतो, ती यासाठीच.