सम्यक आजीव : पोटाचा धंदा की जीविताचे व्रत?



दीक्षेच्या २२ प्रतिज्ञांपैकी ११व्या प्रतिज्ञेने आपण अष्टांगिक मार्ग स्वीकारतो. त्या मार्गाचे पाचवे अंग म्हणजे सम्यक आजीव, अर्थात योग्य रीतीने पोट भरणे. या पाठात एकच प्रश्न घेऊ. रोजचे काम हे केवळ पगाराचे साधन मानावे, की जीविताचे व्रत मानावे?

दहावीचा निकाल लागला की पालक मला विचारतात, "गुरुजी, पोराला कोणत्या लायनीला घालू?" हा प्रश्न साधा वाटतो. पण त्यांच्या आजोबांना तो विचारताच येत नव्हता. पोराची लाईन पोर जन्मण्यापूर्वीच ठरलेली होती. वेस राखायची, सरकारी सारा वाहायचा, मेलेले ढोर ओढायचे आणि संध्याकाळी दारोदार भाकरी मागायची. या राबणुकीला वतन म्हणत आणि वतन हा मान आहे असे आपल्याच माणसांना शिकवले जाई. म्हणून कोणी "तुमचे काम हेच तुमचे व्रत" असे म्हणू लागला, तर आपण आधी विचारावे : हे काम मला सोडता येते काय? जे सोडता येत नाही ते व्रत नव्हे, ती बेडी होय.

बाबासाहेबांनी ही बेडी ओळखली. १९२८ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. १९३६ सालच्या 'जातिनिर्मूलन' या भाषणात त्यांनी दाखवून दिले की, जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. माणसाची आवड आणि कुवत तिच्यात मोजलीच जात नाही. पुढे १९५८ साली कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा झाला. हाताने मैला साफ करून घेण्यास बंदी करणारा कायदा २०१३ साली झाला. तरीही गटारात गुदमरून मेलेल्या माणसांच्या बातम्या येतच आहेत. ती माणसे बहुतांशी कोणत्या समाजातील असतात, हे सांगावयास नको.

भगवान बुद्धांनी काय केले ते पाहा. सुनीत हा रस्त्यावरील केरकचरा काढणारा. "तुझे झाडणे पवित्र आहे, तेच करीत राहा," असे तथागतांनी त्याला सांगितले नाही. त्यांनी त्याला संघात घेतले. उपाली न्हावी होता. शाक्य राजपुत्रांच्या आधी त्याला दीक्षा मिळाली, आणि पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनय सांगण्याचा अधिकार त्याच्याकडे आला. माणूस त्याच्या कामात संपत नाही, हा यातील धडा आहे. ते काम आजही करणाऱ्याला हीन लेखणे हाही अधम्मच.

मग काम म्हणजे नुसता पगार काय? तसेही नाही. मी शिक्षक आहे, महिनाअखेर पगाराची वाट मीही पाहतो. त्यात लाज नाही. दीघजाणु नावाच्या कोलिय गृहस्थाने संसारी माणसाच्या सुखाचा मार्ग विचारला, तेव्हा भगवंतांनी त्याला संसार सोडावयास सांगितले नाही. त्यांनी चार गोष्टी सांगितल्या :

१) कामात दक्षता व उद्योग. येथे शेती, व्यापार, गोपालन, राजसेवा, कारागिरी ही कामे एकाच ओळीत येतात. त्यांत उच्चनीच नाही.
२) घामाने मिळविलेल्या धनाचे रक्षण.
३) सज्जनांची संगत.
४) आय पाहून व्यय. तराजू धरणाऱ्याप्रमाणे दोन्ही पारडी पाहावीत.

दारू, जुगार, बाहेरख्यालीपणा व वाईट सोबत ही धन गळण्याची चार भोके होत, असेही तेथेच सांगितले आहे. लग्नात कर्ज काढून बँड लावणाऱ्यांनी चौथी गोष्ट दोनदा वाचावी.

उपासकाने पाच व्यापार करू नयेत : शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. म्हणजे पैसा किती मिळतो एवढ्यावर काम चांगले ठरत नाही. त्याने कोणाचे नुकसान होते, हेही पाहावे लागते.

तेव्हा उत्तर असे. काम निवडलेले असावे, लादलेले नसावे. ते मन लावून करावे, पण मालकाने सेवेच्या नावाखाली मजुरी कापली तर ती मागून घ्यावी. कामगाराला झेपेल तेवढे काम, योग्य वेतन, आजारपणात काळजी आणि वेळच्या वेळी सुट्टी द्यावी, हे सिगाल सुत्तात धन्याचेच कर्तव्य म्हटले आहे. आणि व्रतच म्हणावयाचे, तर ते कामाला म्हणू नये, शीलाला म्हणावे. शील घेऊन माणूस मिलमध्ये, बांधावर किंवा कचेरीत कोठेही गेला, तरी त्याचा आजीव सम्यक राहतो.

घरी चर्चेसाठी प्रश्न :
१) आपल्या घरातील कोणते काम परंपरेने आले आणि कोणते आपण निवडले?
२) मुलीला तिच्या कामाची निवड करू देतो काय?
३) घरात राबणाऱ्या आईच्या कामाला आपण काम म्हणतो काय?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी आईलाच देऊ द्यावे.

जयभीम!