सम्यक् वाचा आणि लेखकाचे कष्ट



"लिहावेसे वाटते, पण जमत नाही," असे आपले विद्यार्थी नेहमी म्हणतात. त्यांच्यासाठी हा छोटासा पाठ.

भगवान बुद्धांनी अष्टांगिक मार्गात सम्यक् वाचा सांगितली. खोटे बोलणे, चहाडी करणे, कठोर बोलणे आणि व्यर्थ बडबड या चार गोष्टी टाळणे म्हणजे सम्यक् वाचा. लेखन म्हणजे कागदावर उतरलेली वाचाच. म्हणून या चार कसोट्या लेखकालाही लागू आहेत.

पहिली कसोटी सत्याची. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही कथा सर्वांना पाठ होती. परंतु एकोणतिसाव्या वर्षापर्यंत त्याला हे दिसलेच नसेल काय, असा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विचारला आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात शाक्य व कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा हे कारण मांडले. परंपरेने आले तेही तपासूनच लिहावे, हा त्यातील धडा.

दुसरी कसोटी चहाडीची. ऐकीव गोष्टीवरून कोणाची बदनामी करणारा, माणसांत फूट पाडणारा लेख कितीही चटकदार असला तरी तो लिहू नये.

तिसरी, कठोर वाणीची. येथे एक गल्लत होते. शिवीगाळ वेगळी आणि स्पष्टपणा वेगळा. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने भाषणातील काही भाग गाळण्यास सुचविले. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला. सभा रद्द झाली, तेव्हा त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. कोणाला रुचत नाही म्हणून सत्य गाळणे ही मृदू वाणी नव्हे.

चौथी, व्यर्थ बडबडीची. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा मोठा ग्रंथ आठ खंडांत विभागलेला आहे. त्यातील लहान लहान परिच्छेदांना क्रमांक दिले आहेत. त्यामुळे विहारात एकाने वाचावे आणि इतरांनी ऐकावे, इतका तो सुटसुटीत झाला आहे.

आता कष्टांविषयी. ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झालेल्या 'बहिष्कृत भारत'चे स्तंभच्या स्तंभ बाबासाहेबांना एकट्याने लिहावे लागत. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ १९५१ पासून पाच वर्षे, खालावत चाललेल्या प्रकृतीशी झगडत लिहिला गेला. छपाईला पैसा कमी पडत होता. सरकारने सुमारे ५०० प्रती घ्याव्यात, अशी विनंती त्यांनी सप्टेंबर १९५६ मध्ये पंतप्रधान नेहरूंना केली. ठेवलेली रक्कम संपली, असे उत्तर आले. ५ डिसेंबरच्या रात्रीही या ग्रंथाची प्रस्तावना त्यांनी जवळ मागून घेतली होती. ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. तो पाहण्यास ते हयात नव्हते.

एवढ्या मोठ्या विद्वानाला इतके कष्ट पडले, तर आपले पहिले पान साधले नाही म्हणून खचून का जावे? विद्यार्थ्यांनो, रोज एक पान लिहा. ते घरातल्या आजीला वाचून दाखवा. जे तिला समजले नाही ते पुन्हा लिहा. ज्यांना शतकानुशतके अक्षर नाकारले गेले, त्यांच्या नातवंडांनी लेखणीशी इतके तरी इमान राखलेच पाहिजे.

जयभीम! नमो बुद्धाय!