घट्ट पट्टी बांधण्याआधी

घोट्याजवळची जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, तर मलमं बदलत बसू नका. पाय तपासून घ्या. ड्रेसिंगला घरी येणाऱ्या सिस्टरनाही माझं कळकळीचं सांगणं आहे, की आधी दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत उघडे करून बघा, जखमेकडे मग वळा.

बऱ्याचदा दुखणं शिरांचं असतं. त्यांच्या झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साठतं, संध्याकाळी सूज चढते, घोट्यावरची कातडी काळपट, टणक होते आणि आतल्या बाजूला उथळ, पाझरणारी जखम होते. अशा पायाला बोटांपासून गुडघ्याखालपर्यंत बांधलेली दाबपट्टी हाच खरा उपचार. मलम दुय्यम.

पण धमन्या अरुंद झालेल्या पायाला तीच पट्टी बांधली, तर उरलासुरला रक्तपुरवठाही तुटतो आणि पाय गमवायची वेळ येऊ शकते. पाऊल गार, कातडी चकचकीत, रात्री कळा आणि पाय खाटेखाली सोडला की आराम, असं असेल तर सावध व्हा. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत आणि मधुमेहींत हे जास्त दिसतं.

पावलावरची नाडी बोटांना लागली म्हणून निर्धास्त राहू नका. रुग्णाला थोडा वेळ आडवं झोपवून हातातल्या डॉपलरने घोट्याचा आणि दोन्ही दंडांचा वरचा रक्तदाब मोजतात. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या जास्त आकड्याने भागायचं. उत्तर 0.8 ते 1.3 आलं आणि बाकीची तपासणीही ठीक असेल, तर साधारणपणे दाबपट्टी चालते. 0.5 च्या खाली आलं, तर रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे तातडीने पाठवा. 1.3 च्या वर गेलं, तर खूश होऊ नका; मधुमेहात धमन्या कडक होऊन आकडा फसवा येतो. उपकेंद्रात डॉपलर नसेल, तर साधं, सैल ड्रेसिंग करून रुग्णाला पुढे पाठवा. क्रेप बँडेज आवळून बांधू नका.

तळपायाची न दुखणारी जखम वेगळी. तिथे मधुमेह तपासा आणि अंगावर बधिर चट्टा आहे का, तेही बघा. कुष्ठरोग अजून आपल्यातून गेलेला नाही. वर्षानुवर्षं न भरलेल्या, कडा उंचावलेल्या जखमेचा तुकडा तपासायला पाठवावा. हळद, चुना, जळका तंबाखू जखमेत भरू नका.

ताप, पसरत जाणारी लाली, काळं पडणारं बोट किंवा एकाच पायाला अचानक आलेली सूज दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि दाबपट्टी बांधल्यावर बोटं निळी-पांढरी पडली, बधिर झाली किंवा कळा वाढल्या, तर मध्यरात्र असली तरी ती सोडा. सिस्टरची वाट बघू नका.