संकेतस्थळाची परिभाषा : वैद्यांसाठी प्राथमिक पाठ

प्रास्ताविक

कोणत्याही शास्त्रात प्रवेश करावयाचा तर प्रथम त्याची परिभाषा अवगत असावी लागते. शार्ङ्गधराचार्यांनी आपल्या संहितेच्या पूर्वखंडाचा आरंभ परिभाषेने व मानाने केला, तो याच हेतूने. कर्ष, पल, कुडव यांचे ज्ञान नसलेल्याच्या हाती उत्तमातील उत्तम पाठ दिला, तरी कल्प बिघडल्यावाचून राहत नाही. संकेतस्थळाचेही तसेच आहे. आपल्यापैकी अनेकांची चिकित्सालये आज महाजालावर आहेत; परंतु त्याविषयी काही विचारले असता 'ते करून देणाऱ्याला ठाऊक' एवढेच उत्तर मिळते. प्रस्तुत लेखकाचेही उत्तर बरीच वर्षे हेच होते. त्याची किंमत कशी मोजावी लागली, हे प्रथम सांगतो.

सन २००८ मध्ये एका परिचित तरुणाने माझ्या चिकित्सालयाचे संकेतस्थळ तयार केले. ते नीटनेटके होते. त्याचा पत्ता मी चिकित्सापत्रांवर छापून घेतला. चार वर्षांनी तो तरुण नोकरीनिमित्त परगावी गेला आणि त्यानंतर काही महिन्यांतच संकेतस्थळ दिसेनासे झाले. पुढे त्याच पत्त्यावर 'मधुमेह मुळासकट घालविणाऱ्या' एका चूर्णाची जाहिरात झळकू लागली. माझा एक जुना रुग्ण ते चूर्ण मागवून, चालू औषधे बंद करून, रक्तशर्करा पुष्कळ वाढलेल्या स्थितीत मजकडे आला व म्हणाला, "वैद्यबुवा, कागदावर आपलाच पत्ता होता, म्हणून विश्वास ठेवला." चौकशीअंती कळले की, ते नाव कधीच माझ्या मालकीचे नव्हते. नोंदणी त्या तरुणाच्या नावे होती, नूतनीकरणाच्या सूचना त्याने वापरणे सोडलेल्या ई-टपालावर जात होत्या, आणि मुदत संपताच ते नाव तिसऱ्याच कोणी विकत घेतले होते. त्या तरुणाचा हेतू वाईट नव्हता. अज्ञान माझे होते.

संकेतस्थळाची तीन अंगे

संकेतस्थळ ही एक वस्तू नसून तीन भिन्न गोष्टींचा संयोग आहे : नाम, स्थान आणि आशय. चिकित्सालयाची पाटी, चिकित्सालयाचा गाळा आणि आतील औषधे व नोंदवह्या जशा वेगवेगळ्या, तसेच हे. गाळा बदलला तरी पाटी नेता येते. पाटी दुसऱ्याची असेल तर मात्र गाळा स्वतःचा असूनही रुग्ण भलत्याच दारी जातो. ही तीन अंगे एकच व्यक्ती पुरवीत असल्याने आपणांस ती एकच वाटतात. येथेच घोटाळ्याचा संचय होतो.

१. नाम : डोमेन

महाजालावरील प्रत्येक संगणकास एक अंकात्मक पत्ता असतो. त्यास आय.पी. पत्ता म्हणतात. हे अंक मनुष्याच्या स्मरणात राहणे कठीण, म्हणून सुलभ नाव देण्याची पद्धत निघाली. नावावरून अंकात्मक पत्ता शोधून देणारी 'डी.एन.एस.' ही व्यवस्था पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. आपण न्याहाळकात, म्हणजे ब्राउझरमध्ये, जे नाव टंकतो ते डोमेन. त्याच्या शेवटी येणारे 'डॉट कॉम', 'डॉट इन' हे त्याचे कुलनाम समजावे.

या नामव्यवस्थेचा जागतिक समन्वय १९९८ मध्ये स्थापन झालेली 'आयकॅन' ही संस्था करते. 'डॉट इन' या भारतीय कुलनामाची व्यवस्था 'निक्सी'कडे आहे. २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत' हे कुलनामही उपलब्ध असून त्यात मराठी व कोकणीचा अंतर्भाव आहे.

येथे दोन शब्द काटेकोरपणे समजून घ्यावेत. 'रजिस्ट्रार' म्हणजे नाव नोंदवून देणारी कंपनी, आणि 'रजिस्ट्रंट' म्हणजे ज्याच्या नावे नोंद आहे तो नामधारक. आपण पैसे दिले म्हणून आपण नामधारक होत नाही. नोंदीत आपले नाव असावे लागते. नाव कायमचे विकतही मिळत नाही. ते ठरावीक मुदतीसाठी, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी मिळते व वेळोवेळी नूतनीकरण करावे लागते.

'डॉट कॉम'सारख्या नावाची मुदत संपली की लगेच सर्व बुडते असे नाही. रजिस्ट्रार कंपनीच्या नियमानुसार प्रथम काही दिवसांची सवलत मिळते. पुढे नाव रद्द झाले तरी ३० दिवसांचा पुनःप्राप्तीचा काळ असतो, मात्र त्यात शुल्क बरेच अधिक पडते. त्यानंतर ५ दिवसांनी ते नाव कोणासही घेण्यास खुले होते. काही कंपन्या त्याआधीच मुदत संपलेल्या नावाचा लिलाव करतात. षट्क्रियाकालाचा न्याय येथेही लागू पडतो : संचयावस्थेत उपाय अल्प, भेदावस्थेत दुष्कर.

२. स्थान : होस्टिंग

संकेतस्थळाचा सर्व मजकूर व चित्रे ज्या अहोरात्र चालू असणाऱ्या संगणकावर ठेवलेली असतात, तो 'सर्व्हर'. त्यावरील जागा भाड्याने घेणे म्हणजे 'होस्टिंग'. एकाच सर्व्हरवर अनेक संकेतस्थळे नांदत असतील तर ते 'शेअर्ड होस्टिंग'. एका वैद्याच्या माहितीपर संकेतस्थळास ते सहसा पुरेसे होते. आपले नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यावे, याची नोंद जेथे असते तो 'नेमसर्व्हर'. भाडेकरार बदलला की ही नोंद बदलावी लागते. म्हणूनच नाम आपल्या हाती असेल, तर स्थान केव्हाही बदलता येते.

'बॅकअप' म्हणजे मजकुराची राखीव प्रत. याविषयी जाणकारांचा ३-२-१ असा संकेत आहे : एकूण तीन प्रती, दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक अन्यत्र. होस्टिंग कंपनी प्रत ठेवते म्हणून निश्चिंत राहू नये. खाते बंद झाले तर ती प्रतही त्याबरोबरच जाण्याची शक्यता असते.

३. आशय : पृष्ठे व त्यांची रचना

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनीव्हाजवळील 'सर्न' या संशोधनसंस्थेत असताना परस्परांशी दुव्यांनी जोडलेल्या पृष्ठांची कल्पना मांडली. १९९१ मध्ये पहिले संकेतस्थळ सर्वांपुढे आले आणि १९९३ मध्ये 'सर्न'ने हे तंत्र सर्वांस विनामूल्य खुले केले. पृष्ठाची रचना ज्या खुणांनी लिहिली जाते ती 'एच.टी.एम.एल.', आणि त्याचे रंगरूप ठरविते ती 'सी.एस.एस.'. पहिली अस्थिरचना, दुसरा वर्ण, असे स्थूलमानाने म्हणता येईल.

या खुणा न शिकताही मजकूर चढविता यावा, यासाठी 'सी.एम.एस.', म्हणजे आशयव्यवस्थापन प्रणाली, वापरतात. २००३ मध्ये प्रथम उपलब्ध झालेली 'वर्डप्रेस' ही त्यांतील अत्यंत प्रचलित असून मूळ प्रणाली विनामूल्य आहे. तिच्या बाह्य रूपास 'थीम' आणि जोडीच्या लहान साधनांस 'प्लगइन' म्हणतात. प्लगइन मोजके ठेवावेत व सर्व गोष्टी अद्ययावत कराव्यात. जुने, दुर्लक्षित प्लगइन हेच परक्याच्या प्रवेशाचे नेहमीचे द्वार ठरते.

मराठी मजकुराविषयी एक महत्त्वाची सूचना. आपल्यापैकी अनेकांचे जुने लेख युनिकोडपूर्व टंकांत साठविलेले आहेत. त्या टंकांत रोमन अक्षरांच्याच जागी देवनागरी आकृत्या बसविलेल्या असत. त्यामुळे तो टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात आणि शोधयंत्रासही लेख सापडत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे १९९१ पासूनच्या जागतिक लिपिसंकेतात, देवनागरीच्या प्रत्येक वर्णास स्वतंत्र क्रमांक आहे. उदाहरणार्थ, 'ज्ञ' हे ज, हलन्तचिन्ह आणि ञ अशा तीन क्रमांकांनी साठते. जुने लेख चढविण्यापूर्वी त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे, व रूपांतरित मजकूर, विशेषतः जोडाक्षरे व औषधांची माने, डोळ्यांत तेल घालून तपासावी.

४. रक्षण : एच.टी.टी.पी.एस. व संकेतशब्द

पत्त्याच्या आरंभी 'एच.टी.टी.पी.एस.' असेल, तर वाचक व सर्व्हर यांमधील माहिती सांकेतिक रूपात जाते. यासाठी 'एस.एस.एल. प्रमाणपत्र' लागते. 'लेट्स एन्क्रिप्ट' या उपक्रमामुळे २०१५ पासून ते विनामूल्यही मिळते. गुगलच्या क्रोम न्याहाळकाने जुलै २०१८ पासून प्रमाणपत्र नसलेल्या सर्व स्थळांपुढे 'असुरक्षित' असा शेरा दाखविण्यास आरंभ केला. मात्र या प्रमाणपत्राने मजकुराच्या सत्यतेची हमी मिळते असे समजू नये. पत्र बंद लिफाफ्यातून आले, एवढाच त्याचा अर्थ. आतील मजकूर खरा की खोटा, हे लिफाफा सांगत नाही.

आपल्या स्थळावर रुग्णांकडून नाव, दूरध्वनी वा लक्षणे भरून घेणारा अर्ज असेल, तर ती माहिती कोठे साठते व कोण पाहू शकते, हे वैद्यास ठाऊक असलेच पाहिजे. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संमत केला आहे. गरजेपेक्षा अधिक माहिती न मागणे, हा सर्वांत सोपा मार्ग होय.

५. मजकुराचे दायित्व

संकेतस्थळावर जे लिहिले जाते त्याचे दायित्व वैद्याचे असते, रचनाकाराचे नव्हे, असे समजूनच लिहावे. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ मधील जाहिरातीची व्याख्या अत्यंत व्यापक आहे. प्रकाश, ध्वनी वा धूर यांच्या साधनाने केलेली घोषणाही तीत येते. मधुमेह, कर्करोग, अपस्मार, पक्षाघात इत्यादी अनुसूचीतील व्याधींवर अमुक औषध गुणकारी आहे, अशा जाहिरातीस या कायद्याने प्रतिबंध आहे. नोंदणीकृत वैद्याने स्वतःच्या चिकित्सालयात लावलेल्या फलकास जी सूट आहे, ती संकेतस्थळासही लागू होईल असे गृहीत धरू नये. रचनाकार उत्साहाच्या भरात 'हमखास', 'शंभर टक्के' असे शब्द घालतात. ते प्रसिद्ध होण्यापूर्वीच काढून टाकावेत.

६. वैद्याने स्वतःजवळ ठेवावयाची नोंद

संकेतस्थळ पूर्ण होताच, अंतिम देयक चुकते करण्यापूर्वी, पुढील गोष्टी लेखी मागून घ्याव्यात :

(१) रजिस्ट्रार कंपनीचे नाव, आणि नामधारक म्हणून आपलेच नाव असल्याची खात्री.
(२) डोमेनची मुदत संपण्याची तारीख. ती भिंतीवरील दिनदर्शिकेतही लिहावी.
(३) रजिस्ट्रार, होस्टिंग व आशयव्यवस्थापन या तिन्ही खात्यांची सदस्यनामे व संकेतशब्द. मिळताच संकेतशब्द बदलावेत.
(४) खात्याशी जोडलेले ई-टपाल व भ्रमणध्वनी आपलेच असावेत. हे ई-टपाल त्याच डोमेनवरील नसावे. नाव बंद पडले की त्यावरील टपालही बंद पडते व सूचना पोहोचत नाही.
(५) नाव दुसऱ्या कंपनीकडे न्यावयाचे झाल्यास लागणारा हस्तांतरण-संकेत कोठे मिळतो, याची माहिती.
(६) संपूर्ण स्थळाची एक राखीव प्रत, आणि ती पुन्हा कशी चढवावी याची टिपणे.

उपसंहार

वैद्याने संगणकतज्ज्ञ व्हावे, असे या लेखाचे म्हणणे नाही. औषधी कुटणारा वेगळा असला तरी कल्पात काय पडते, हे वैद्य पाहतोच. तसेच येथेही असावे. वरील सहा गोष्टींपैकी आपल्याजवळ किती आहेत, हे वाचकांनी आजच पडताळून पाहावे. माझे ते जुने नाव मला पुन्हा मिळाले नाही. नवे नाव मी स्वतःच्या नावे नोंदविले, जुनी चिकित्सापत्रे शक्य तेवढी परत मागविली, आणि त्या रुग्णाची शर्करा पूर्ववत आणण्यास काही महिने लागले. रुग्ण आपल्या नावावर विश्वास ठेवून येतो. ते नाव आपल्याच हाती राहील एवढी काळजी घेणे, हेही चिकित्सकाच्या कर्तव्यातच मोडते.