डिझेल गाडीत ॲडिटिव्ह घालावे काय?

पेठ वडगाव हे हातकणंगले तालुक्यातील बाजाराचे जुने गाव. वारणा व पंचगंगा या नद्यांच्या मधला हा टापू उसाचा व भाजीपाल्याचा असून पुणे-बंगळूर हमरस्ता गावाच्या जवळूनच जातो. एके काळी येथील माल बैलगाडीने बाजारात येत असे. आता ते काम जीप, छोटा टेम्पो किंवा घरची मोटार करते, आणि त्यांतील पुष्कळशा गाड्या डिझेलवर चालणाऱ्या असतात. त्यामुळे बागाईतदाराच्या जमाखर्चाच्या वहीत बी, खत व औषधे यांच्या जोडीला डिझेलचाही एक रकाना कायमचा पडला आहे, व तो लहान नाही.

हा रकाना कमी करण्याचे आश्वासन देणाऱ्या बाटल्या मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानांत मिळतात. बाटलीतील द्रव डिझेलच्या टाकीत ओतला म्हणजे गाडीची ताकद वाढते, ॲव्हरेज वाढतो, धूर कमी होतो आणि इंजिन पुष्कळ वर्षे टिकते, असे तिच्यावर लिहिलेले असते. या द्रवांना ॲडिटिव्ह असे म्हणतात. ते घालावे की न घालावे याचा निर्णय दुकानदाराच्या किंवा शेजाऱ्याच्या शब्दावर न सोडता हिशेबावर सोडणे इष्ट होय.

समजा, एखाद्या गाडीच्या टाकीत ५० लिटर डिझेल भरले, त्याचा दर लिटरला ९० रुपये आहे, आणि गाडी लिटरला १५ किलोमीटर चालते. म्हणजे ४,५०० रुपयांत ती ७५० किलोमीटर जाईल. किलोमीटरला खर्च ६ रुपये. आता त्याच टाकीत ३०० रुपयांची एक बाटली घातली तर एकूण खर्च ४,८०० रुपये झाला. किलोमीटरला तोच ६ रुपये खर्च राहावयाचा तर गाडीने ८०० किलोमीटर गेले पाहिजे, म्हणजे लिटरला १६ किलोमीटर दिले पाहिजेत. याचा अर्थ असा की, ॲव्हरेज शेकडा सुमारे पावणेसात वाढला तरच बाटलीची नुसती किंमत भरून येते. नफा त्याच्या पुढचा.

ही वाढ कोठून यावी? एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ८,५०० किलोकॅलरी उष्णता साठविलेली असते. ती त्या तेलाच्या घटनेवर ठरते. वरून चमचाभर दुसरे काही घातल्याने ती वाढत नाही. ५० लिटरला ५० मिलिलिटर हे प्रमाण धरले आणि बाटलीत शुद्ध डिझेलच आहे असे मानले, तरी तेवढ्या तेलावर ही गाडी पाऊण किलोमीटर जाईल. हवे आहेत ५० किलोमीटर. तेव्हा विक्रेत्याचे म्हणणे असे असते की, डिझेल पुरते जळत नाही, ते या द्रवाने पुरते जळते. हे म्हणणे पटण्यासारखे वाटते; पण नीट चालणाऱ्या डिझेल इंजिनात न जळता बाहेर पडणारे तेल शेकडा दोन भागांहूनही कमी असते. उष्णतेचा मोठा भाग वाया जातो हे खरे, परंतु तो सायलेन्सरमधून जाणाऱ्या तप्त वायूंबरोबर व रेडिएटरच्या पाण्यातून जातो. ती गळती टाकीतील कोणत्याही द्रवाने बंद होत नाही. जेथे वाचविण्यासारखे शेकडा दोनही नाही, तेथे पावणेसात कसे वाचणार?

अमेरिकेत इंधन वाचविण्याचा दावा करणारी शंभराहून अधिक साधने व द्रव तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने तपासून पाहिले आहेत. त्यांतील बहुतेक पेट्रोलच्या गाड्यांसाठी होते हे खरे; पण फारच थोड्यांनी काही बचत दाखविली, आणि तीही अल्प होती, हा निष्कर्ष डिझेलच्या गाडीवाल्यानेही ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

मग ॲडिटिव्ह ही वस्तूच खोटी आहे काय? तसे मुळीच नाही. उलट, पंपावर मिळणाऱ्या डिझेलमध्ये ती कारखान्यातच घातलेली असतात. डिझेलमधील गंधकाची मर्यादा भारत स्टेज ३ च्या नियमांत दशलक्ष भागांत ३५० भाग होती. १ एप्रिल २०१७ पासून देशभर ती ५० वर आली, व १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ प्रमाणे केवळ १० भाग राहिली. गंधक काढताना तेलातील नैसर्गिक वंगणगुणही कमी होतो, आणि डिझेलचा पंप व इंजेक्टर यांना तर वंगण डिझेलचेच मिळते. म्हणून तेलशुद्धीकरण कारखान्यांत वंगणगुण वाढविणारा पदार्थ मिसळून डिझेल प्रमाणात आणले जाते. त्याची कसोटी भारतीय मानक १४६० मध्ये ठरवून दिलेली आहे. पेटण्याच्या तत्परतेचा मोजमापाचा अंक, म्हणजे सीटेन अंक, किमान ५१ असावा असेही तेच मानक सांगते. थोडक्यात, चांगल्या पंपावरून डिझेल घेणाऱ्याने बाटलीचे पैसे एकदा दिलेलेच असतात.

सीटेन अंकाविषयी थोडे अधिक सांगणे जरूर आहे, कारण पुष्कळ बाटल्यांचा जोर त्यावरच असतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा दाबून इतकी तापविली जाते की, तीत तेलाचा फवारा पडताच तो आपोआप पेट घेतो. फवारा पडणे व पेट घेणे यांत जो अल्पसा वेळ जातो, तो सीटेन अंक अधिक असल्यास कमी होतो. त्यामुळे इंजिनाची खडखड कमी होते व थंडीत गाडी लवकर सुरू होते. हा अंक काही प्रमाणात वाढविणारी रसायने आहेत, आणि ती आपले काम करतात. परंतु ज्या इंजिनाची रचनाच ५१ अंकासाठी केलेली आहे, त्याला ५४ अंकाचे तेल दिल्याने ताकद वाढते असे नाही. आणि कोल्हापूर जिल्ह्यातील थंडी गाडी सुरू न होण्याइतकी कडक नसते. येथे सकाळी गाडी सुरू होत नसेल तर बॅटरी व ग्लो प्लग आधी पाहावेत.

दुसरा प्रकार इंजेक्टर साफ करणाऱ्या द्रवांचा. बाटल्यांमध्ये खऱ्या उपयोगाचा प्रकार कोणता, असे विचारल्यास हाच सांगावा लागेल. हल्लीच्या कॉमन रेल इंजिनात डिझेल हवेच्या दाबाच्या दीड ते दोन हजार पट दाबाने फवारले जाते, व फवाऱ्याची भोके मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतात. पिकावर औषध मारताना नोझल कचऱ्याने तुंबले म्हणजे फवारा एकसारखा न पडता धार कशी पडते हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. इंजेक्टरच्या तोंडाशी काजळीसारखा थर बसला की नेमके तेच घडते. गाडी पूर्वीसारखी उचलत नाही, चढावर काळा धूर सोडते, ॲव्हरेज घटतो. अशा वेळी साफ करणाऱ्या चांगल्या द्रवाने थर काही प्रमाणात निघून गाडी सुधारल्याची उदाहरणे खरी असतात. मात्र येथे एक भेद ओळखला पाहिजे. थर निघाल्याने गाडीची गेलेली ताकद परत येते. नव्या गाडीत जी नव्हतीच ती येत नाही. ज्या गाडीचे काही गेलेले नाही तिला परत मिळण्यासारखेही काही नाही. शिवाय काळा धूर, ताकद कमी, ॲव्हरेज कमी ही लक्षणे चोंदलेला एअर फिल्टर, गळका टर्बो किंवा झिजलेला इंजेक्टर यांचीही असतात, व त्यांवर बाटलीचा इलाज नाही. म्हणून आधी फिटरकडून तपासणी करावी. एअर फिल्टर व डिझेल फिल्टर बदलण्याची मुदत टळली असेल तर ते बदलावेत. डिझेल फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी सोडून द्यावे. हे सर्व केल्यावरही इंजेक्टरचा संशय राहिला तर गाडीच्या पुस्तकात परवानगी असलेला द्रव एकदा वापरून पाहण्यास हरकत नाही.

पाण्यावरून आणखी एक गोष्ट. ट्रॅक्टरसाठी वस्तीवर बॅरलमध्ये डिझेल साठविण्याची व त्यातलेच मोटारीत घालण्याची पद्धत काही ठिकाणी आढळते. पावसाळ्यात अर्धवट रिकाम्या बॅरलमध्ये दमट हवेचे पाणी होऊन तळाशी बसते, आणि पाणी व तेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जंतू वाढून काळपट बुळबुळीत गाळ तयार होतो. जंतुनाशक ॲडिटिव्ह यासाठी असतात. पण बॅरल धुऊन कोरडे करणे व महिन्यात संपेल एवढेच तेल आणणे हा त्याहून स्वस्त उपाय आहे. रॉकेल किंवा पेट्रोल मिसळण्याची जुनी खोड तर सर्वस्वी सोडावी. पातळ तेलाने पंपाचे वंगण तुटते, व वाचलेल्या चार रुपयांवर पंपाच्या दुरुस्तीचे हजारो रुपये चढतात.

इतके सांगूनही अनेकांचे म्हणणे पडते की, बाटली घातल्यावर फरक स्वतः अनुभवला. अनुभव खोटा नसतो, पण त्याची कसोटी अपुरी असते. नवीन खताची परीक्षा घेताना शेतकरी शेजारी खत न घातलेला वाफा राखतो. गाडीच्या बाबतीत मात्र तो हा नियम विसरतो. एका खेपेला टाकी गळ्यापर्यंत व दुसऱ्या खेपेला एक लिटर कमी भरली, तरी ५० लिटरमागे शेकडा दोनचा फरक पडतो. एका आठवड्यात जोतिबाचा डोंगर व पन्हाळ्याचा घाट चढणे झाले आणि दुसऱ्या आठवड्यात नुसती हमरस्त्याची सपाट दौड झाली, तर फरक त्याहून कितीतरी मोठा दिसेल. शिवाय पैसे खर्च केल्यावर चालकाचा पाय नकळत हलका पडतो, आणि बचत पायाची असता श्रेय बाटलीस मिळते. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेगाने गेल्यास हवेचा विरोध दीडपटीहून अधिक होतो; एवढ्यावरून पायाची किंमत कळावी.

ज्यास खरोखर परीक्षा घ्यावयाची असेल त्याने एकाच पंपावर, नळी पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंतच टाकी भरावी. चाकांतील हवा दर वेळी सारखी ठेवावी. तीन टाक्या बाटलीशिवाय, तीन बाटलीसह व पुन्हा तीन बाटलीशिवाय अशा चालवून प्रत्येक वेळचे लिटर व किलोमीटर वहीत लिहावेत. साफ करणारा द्रव असल्यास त्याचा परिणाम मागून काही काळ टिकू शकतो, हे शेवटच्या तीन टाक्यांचे आकडे वाचताना लक्षात घ्यावे. बाटली घरातील दुसऱ्या माणसाने ओतावी व ती कोणत्या टाक्यांत ओतली हे चालकास सांगू नये. बाटलीच्या तीन टाक्यांचा ॲव्हरेज इतर सहांहून स्पष्टपणे वर आला नाही, तर निकाल लागला असे समजावे.

भारत स्टेज ६ च्या गाड्यांत आणखी जपले पाहिजे. त्यांच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडविणारी जाळी असते, व इंजिन पुरेसे तापून काही वेळ सलग चालले म्हणजेच ती काजळी जाळून टाकते. गावातल्या गावात व मळ्यापर्यंतच फिरणाऱ्या गाडीत ही जाळी भरत जाऊन सूचनेचा दिवा लागतो. त्यावर बाटली शोधण्याऐवजी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे हमरस्त्यावर सलग फेरी मारावी. लोह, सेरियम यांसारख्या धातूंचे ॲडिटिव्ह कारखानदाराने स्वतः तशी योजना केली असल्यावाचून वापरू नये, कारण धातूची राख जळत नाही, ती जाळीतच राहते.

याच गाड्यांपैकी काहींना ‘युरियाची’ स्वतंत्र टाकी असते, आणि नावामुळे तेथे घोटाळा होतो. हा द्रव डिझेलचे ॲडिटिव्ह नव्हे. अतिशुद्ध पाण्यातील ३२.५ टक्के युरियाचे ते द्रावण असून सायलेन्सरच्या मार्गात नायट्रोजनच्या विषारी ऑक्साइडांचे नायट्रोजन व पाणी करणे हे त्याचे काम. शेतातील युरिया पाण्यात विरघळवून ते घरी करता येत नाही. देशात २०१५ पासून शेतीच्या युरियावर निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा आहे. हा लेप व खतातील इतर अशुद्ध द्रव्ये नाजूक उत्प्रेरकास निकामी करतात; शिवाय अनुदानाचे खत शेतीबाहेर वापरणे हा गुन्हा आहे. हा द्रव चुकून डिझेलच्या टाकीत ओतला गेल्यास गाडीची चावी फिरवू नये. इंजिन सुरू न करता गाडी ढकलून बाजूस घ्यावी आणि टाकी पूर्ण उपसून, धुऊन मगच पुढील विचार करावा; द्रव एकदा पंपात शिरला म्हणजे पंप, नळ्या व इंजेक्टर सर्वच बदलण्याची पाळी येऊ शकते.