सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि पिशवीचे ऑपरेशन

पाळी दहा-दहा दिवस थांबत नाही, गाठी पडतात, मध्येच अंगावरून लाल जाते. मग सोनोग्राफी होते आणि ‘पिशवीला सूज आहे’ असे कानावर पडते. अनेक घरांत ऑपरेशनचा विचार तिथूनच सुरू होतो.

ही ‘सूज’ म्हणजे बहुधा रिपोर्टमधला ‘बल्की यूटरस’ हा शब्द. पिशवी नेहमीपेक्षा थोडी मोठी दिसली, एवढाच त्याचा अर्थ. दोन-तीन बाळंतपणे झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी असतेच. तेवढ्यावरून ती काढायची नसते.

सोनोग्राफी पिशवीचा आकार दाखवते. फायब्रॉइडच्या गाठी तिला चांगल्या ओळखता येतात. आतल्या अस्तराचा छोटा कोंब, म्हणजे पॉलिप, मात्र सुटू शकतो. पोटावरून केलेल्या तपासणीपेक्षा योनीमार्गातून केलेल्या तपासणीत जास्त स्पष्ट दिसते. लाजू नका, सोबत बाई माणूस मागा. थायरॉईड बिघडला असेल किंवा हार्मोन्सचा तोल गेला असेल, तर तो सोनोग्राफीत दिसणारच नाही. त्यासाठी रक्ततपासणी लागते. हिमोग्लोबिन तर पाहायलाच हवे, आणि पाळी चालू असलेल्या वयात गर्भ राहिला आहे का हेही आधी तपासतात.

अस्तराच्या जाडीचा आकडा वाचताना वय बघावे लागते. पाळी चालू असताना ही जाडी महिनाभर बदलत राहते. पाळीनंतर कमी, पुढच्या पाळीआधी पंधरा मिलिमीटरच्या आसपासही जाते. म्हणून तपासणी शक्यतो पाळी संपताच करतात. रोजच रक्त जात असेल तर मात्र थांबू नये. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा डाग दिसला, तर गोष्ट वेगळी. तेव्हा अस्तर चार मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर कॅन्सरची शक्यता फार कमी असते. त्याहून जाड असेल, किंवा रिपोर्ट चांगला असूनही रक्त पुन्हा जात असेल, तर अस्तराचा तुकडा तपासायला पाठवतात. पंचेचाळिशीनंतर पाळी बिघडली तरीही ही बायोप्सी करायला सांगतात. कॅन्सर आहे की नाही, हे शेवटी तो तुकडा ठरवतो. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला सोनोग्राफीत कळत नाही. त्याची तपासणी वेगळी.

बीड जिल्ह्याची गोष्ट आठवते ना? तिथल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्याचे २०१९ मध्ये पुढे आले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीत कामावर खाडा पडला की मजुरी कापली जाई, हेही त्यामागे होते. पिशवीबरोबर अंडाशयेही काढली, तर तरुणपणीच पाळी गेल्याचे सगळे त्रास सुरू होतात आणि हाडे ठिसूळ होतात.

म्हणून ऑपरेशनला हो म्हणण्याआधी डॉक्टरांना विचारा: रक्त कशामुळे जाते? बायोप्सी झाली का? गोळ्यांनी किंवा हार्मोन असलेल्या तांबीसारख्या साधनाने भागेल का? मेहरूणहून जळगावचे सिव्हिल लांब नाही; दुसरे मत तिथे घेता येते. जाताना जुने रिपोर्ट आणि पाळीच्या तारखा लिहिलेला कागद न्या. तासाला एक पॅड भिजत असेल, चक्कर येत असेल, तर मात्र रिपोर्टची वाट न पाहता तडक निघा.